नातेवाईकांचं बटण

"तुम्हीच दाबा, ताई. पहिला मान तुमचा," अधीक्षक डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी टॅबलेट टेबलावरून तिच्यापुढे सरकवला.

तिने रुमालाला बोट पुसलं आणि मग ते पडद्यावर टेकवलं. बटण नारिंगी होतं, चांगलं मोठं होतं. त्याखाली लिहिलं होतं, 'रुग्णाची तब्येत बिघडल्यासारखी वाटते'. समोरच्या भिंतीवर अक्षरं उमटली, 'आपली नोंद झाली आहे'. खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला या खोलीतल्या लोकांना फारसं कारण लागत नसे.

खोली रुग्णालयाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर होती. कामकाजासाठी नवीन सॉफ्टवेअर यायचं होतं आणि ते बनवण्याआधी कुणाला काय हवं ते विचारून घ्यायचं होतं. डॉक्टरांना विचारलं, परिचारिकांना विचारलं, औषधवाल्यांना आणि हिशेबवाल्यांना तर दोनदा विचारलं. रुग्णांचाही एक प्रतिनिधी हवा आणि शेवटच्या मसुद्यावर त्याची सही हवी, असा नियम निघाला, तेव्हा हिची आठवण झाली. मागच्या वर्षी मुलांच्या वॉर्डात हिचा मुलगा दगावला होता. बाई शांत होती, कपड्यांच्या दुकानात शिलाई करायची आणि बोलावलं की अर्धी रजा टाकून यायची.

"शोभेला बसवलंय तुला तिथं," नवरा पहिल्याच दिवशी म्हणाला होता.

"बसवू देत. खुर्ची तर मिळाली," ती म्हणाली होती.

त्या खुर्चीत बसून तिला एकच गोष्ट मागायची होती. त्या संध्याकाळी मुलाचा श्वास बदलला, हे सगळ्यात आधी तिच्या लक्षात आलं होतं. ती पुन्हा पुन्हा परिचारिकांच्या टेबलाशी गेली आणि दर वेळी तिला सांगण्यात आलं, डॉक्टर येतील, तुम्ही बसा. पुढे चौकशी झाली. अहवालात लिहून आलं की, नातेवाईकांनी काही कळवल्याची नोंद आढळत नाही. ते वाक्य तिला पाठ झालं होतं. म्हणून तिचं मागणं असं होतं, की आईबापांनी सांगितलं तर ते लिहिलं जावं आणि कुणीतरी उठून येऊन बघावं.

हे मागणं लिहून घेतलं होतं कंपनीच्या पोरसवदा विश्लेषकाने. लोकांना गाठायचं, प्रश्न विचारायचे आणि उत्तरांचा मसुदा करायचा, हेच त्याचं काम. तो तिच्या दुकानात आला होता, कापडाच्या ताग्यांमध्ये स्टुलावर बसला होता आणि दुपार सरेपर्यंत त्याने तिचं सगळं ऐकलं होतं. मधे एकदाही घड्याळ पाहिलं नव्हतं. इतकं तर तिच्या सख्ख्या भावानेही ऐकून घेतलं नव्हतं. त्या दिवसापासून तो तिला मावशी म्हणायचा आणि तिला त्या पोराचं फार कौतुक होतं.

पुढच्याच बैठकीत त्याने भिंतीवर चार चौकोन दाखवले होते. कुणाच्या हातात किती अधिकार आणि कुणाला किती आस्था, यावरून सगळ्यांची वाटणी केली होती. नातेवाईकांच्या चौकोनात लिहिलं होतं, 'अधिकार कमी, आस्था जास्त. माहिती देत राहावे'. तिने ते वाचलं तसं त्याने घाईघाईने पुढचं पान काढलं होतं. तिला राग आला नव्हता. चूक काहीच लिहिलेलं नव्हतं.

टाळ्या थांबल्या तरी ती भिंतीकडे बघत होती. पडद्यावरची ओळ आपोआप बदलली, 'परिचारिकेने पाहिले. स्थिती समाधानकारक'.

तिने दाराकडे पाहिलं. दार बंद होतं.

"कुणी पाहिलं?" तिने विचारलं.

"ते फक्त दाखवण्यासाठी आहे, मावशी," विश्लेषक म्हणाला.

"खऱ्या वॉर्डात कोण बघणार?"

त्याने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "परिचारिका मोकळी असेल तर ती बघेल. नसेल तर थोड्या वेळाने ही ओळ आपोआप येते. नाहीतर नोंद उघडी राहते, आणि उघड्या नोंदी साठल्या की वॉर्डाचं मानांकन खाली जातं. परिचारिकांची तशी मागणीच होती."

"म्हणजे कुणी आलं नाही तरी पाहिलं असं लिहून येणार?"

रुग्णालयाचे वकील पुढे झुकले. माणूस मनाने वाईट नव्हता, तिला धीर द्यावा असंच त्यांना वाटत होतं.

"ताई, तुमच्या वेळी हे असतं ना, तर चौकशी बिवकशीचा काही त्रासच झाला नसता. तुम्हाला नाही आणि आम्हालाही नाही."

तिचे हात टेबलाखाली गेले. तिने रुमालाची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली. आपल्या पोराच्या नावाने मागितलेली वस्तू या लोकांनी आपल्याच हातून उलटी शिवून घेतली, हे तिला लख्ख कळलं.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

अधीक्षकांनी चष्मा काढून पुसला. ते रागावले नाहीत, उलट त्यांचा आवाज आणखीच मऊ झाला.

"हरकत नाही. जबरदस्ती थोडीच आहे? दुसरं कुणी प्रतिनिधी बघू." त्यांनी विश्लेषकाकडे पाहिलं. "त्या बाई येतील का रे? मागच्या महिन्यातल्या?"

"येतील, सर. बोललोय मी त्यांच्याशी," विश्लेषक खाली बघत म्हणाला. "त्यांच्या घरी जाऊन आलो."

"कोण बाई?" तिने विचारलं.

"आहेत एक. मुलगी होती त्यांची. मुलांच्याच वॉर्डात."

"काय झालं मुलीला?"

तो हळूच म्हणाला, "तसंच, मावशी."

"आणि तू तिचं सगळं ऐकून घेतलंस?"

"हो."

"दुपारभर?"

त्याने मान हलवली. वकिलांनी कागद गोळा करायला घेतले, कारण त्यांच्या दृष्टीने विषय मार्गी लागला होता. ती मात्र त्या न पाहिलेल्या बाईला बघत होती. ती बाई येईल, या खुर्चीत बसेल, चार चौकोन वाचेल, मागायचं ते मागेल. मग एक दिवस तिच्यापुढेही टॅबलेट सरकवतील आणि म्हणतील, पहिला मान तुमचा.

"तिला बोलावू नका," ती म्हणाली.

"मग कसं करायचं, ताई?" अधीक्षकांनी विचारलं.

तिने विश्लेषकापुढे हात केला. त्याला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्याने टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं. मसुदा वकिलांनी उलगडून धरला, कुठे ते बोटाने दाखवलं आणि म्हणाले, "पूर्ण नाव लिहा. प्रत्येक पानावर."