हजार मीटरवरची फळी

मित्रांनो, माझे सगळे आयुष्य एकाच प्रश्नात गेले. रोज सकाळी एक माणूस लांबून माझ्याकडे बघायचा आणि स्वतःला विचारायचा, फळी दिसते का? दिसली तर वहीत एक खूण, नाही दिसली तर दुसरी. याहून जास्त काम मला कोणी दिले नाही. पण त्या खुणांवर चारशे घरे अवलंबून होती, म्हणून सांगावेसे वाटते.

मला फळी म्हणत असले तरी मी दहा लांब फळ्या मिळून झाले आहे. उंची दोन माणसांची, रंग काळा. सुताराने मला ठोकून उभे केले तेव्हा मला वाटले, आपण एखाद्या गोदामाचे दार होणार. ट्रकमधून उतरवले ते मात्र उघड्या माळावर. माझ्यासारख्या आणखी तिघी होत्या. माळाच्या पश्चिम टोकाला एक लोखंडी मचाण होते. त्यापासून दोनशे मीटरवर एक, पाचशेवर दुसरी, आठशेवर तिसरी आणि बरोबर हजार मीटरवर मी. मला सगळे हजारी म्हणत.

सरकारला नवा विमानतळ करायचा होता. अशी जागा कोणी नकाशावर बोट ठेवून ठरवत नाही. निदान ठरवू नये. जमिनीत खड्डे खणून माती बघतात, वारा कुठून येतो ते वर्षभर मोजतात, आसपासचे डोंगर, पाखरांचे थवे, किती माणसांना उठवावे लागेल, सगळे लिहून काढतात. शेवटी समितीपुढे दोनच जागा उरल्या. एक नदीकाठची, शहराला जवळ, सपाट. पण तिथे चारशे घरांची वस्ती होती. दुसरी आमचा माळ. इथे घर एकही नाही, पण हिवाळ्यात सकाळी धुके. समितीने ठरवले की दोन हिवाळे धुके मोजायचे. कोणत्याही हिवाळ्यात तीस सकाळी हजारी दिसली नाही, तर माळ बाद आणि नदीकाठ पक्का.

मोजायला आले ते धुकेमास्तर. हे नाव कचेरीतल्या लोकांनी थट्टेने ठेवले होते. हवामान खात्यात त्यांची तीस वर्षे गेली होती आणि त्यांच्या वहीत म्हणे एकही खाडाखोड नव्हती. सोबत दुसरा निरीक्षक मिळायचा होता, तो कधी आलाच नाही. सूर्य उगवला की मास्तर मचाणावर चढत. मी दिसले तर टोपीला हात लावत. एवढ्या लांबूनही मला ते कळे. आठच्या आत आकडा फोनवरून कचेरीत कळवावा लागे. रविवारी ते शिडी आणि फडके घेऊन येत, मला पुसत आणि माझ्याशी बोलत. मी कधी उलट बोलत नाही, हे त्यांना फार आवडे.

पहिल्या हिवाळ्यात बावीस सकाळी मी धुक्यात बुडाले. बावीसच त्यांनी लिहिल्या.

दुसऱ्या हिवाळ्यात काहीतरी बिघडले. एका सकाळी आकाश लख्ख होते. सूर्य माझ्या पाठीशी उगवत होता. मचाणावर मास्तर उभे होते, त्यांच्या गळ्यातल्या मफलरचे टोक हलत होते. मला ते स्वच्छ दिसत होते. त्यांनी बराच वेळ माझ्या दिशेने बघितले आणि टोपीला हात न लावता ते खाली उतरले.

मला वाटले, विसरले असतील. चार दिवसांनी पुन्हा तसेच झाले. मग आठवड्यातून दोनदा.

आकडा वाढू लागला तशी माळावर माणसे येऊ लागली. समितीतले एक साहेब येऊन म्हणून गेले की इतके काटेकोर असण्याची गरज नाही. नदीकाठच्या वस्तीतला बेकरीवाला दोनदा आला. त्याची भट्टी तिथे, म्हातारी आई तिथे. तो काही मागत नव्हता; नुसता मास्तरांच्या शेजारी बसून राहिला, आणि तेच जास्त जड होते. मास्तर सगळ्यांना एकच सांगत, दिसते ते लिहितो. रविवारी मला पुसताना म्हणत, "हजारी, सगळ्यांना वाटतं मी विकाऊ आहे." मित्रांनो, मला ओरडून सांगायचे होते की मास्तर, मी इथेच आहे, कालही होते. पण फळीला तोंड कुठले?

पंचवीस झाले. सत्तावीस. एकोणतीस.

त्यानंतरच्या सकाळी मचाणावर दोन माणसे दिसली. मास्तरांची लेक दुसऱ्या गावात शिकवायची, ती सुट्टीत आली होती. त्या सकाळी धुक्याचा मागमूस नव्हता. मास्तरांनी बघितले. टोपीला हात गेला नाही. तिसावी खूण झाली की चारशे घरे संपली.

मग लेकीने हात लांब करून माझ्याकडे बोट दाखवले. मास्तरांनी मान हलवली. तिने पुन्हा दाखवले.  मग दोघे खाली उतरले आणि माझ्याकडे चालू लागले.

आठशेच्या पुढे येईपर्यंत मास्तर थांबले नाहीत, म्हणजे माझ्यापासून दोनशे मीटरच्याही आत. तिथे एकदम थांबले. मी दिसले असणार. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. तोंड माझ्याकडे ठेवून ते उलटे चालू लागले. पावले मोजत. मी दिसेनाशी होत असेन तिथे थांबले, पुन्हा पुढे आले, पुन्हा मागे गेले. तीनदा. लेक जागची हलली नाही. सूर्य वर चढत होता आणि आठ वाजायला फार वेळ नव्हता.

शेवटी दोघे येऊन माझ्या खांबाशी बसले. मास्तरांच्या कपाळावर घाम होता.

"तुला मचाणावरून खरंच दिसत होती?"

"हो बाबा. खिळ्यांची रांग सोडली तर सगळी."

"मला सगळं पांढरं दिसतं. मी म्हणालो, धुकं आहे."

आयुष्यभर पांढऱ्याला त्यांनी तेच नाव दिले होते. दुसरे नाव त्यांना सुचलेच नाही.

"कधीपासून होतंय?"

"दिवाही हल्ली फुटल्यासारखा दिसतो. मला वाटलं, दिव्याची काच खराब आहे." ते थोडे हसले. "काच खराबच आहे म्हणा."

लेक म्हणाली, आजची खूण तरी बरोबर करा. मास्तर म्हणाले, आजची करीन, पण मागच्या एकोणतीसपैकी खऱ्या किती, हे कोण सांगणार? मला माहीत होते. एकोणीस. खांबाला टेकून बसलेल्या माणसाला मी ते सांगू शकत नव्हते.

"आता बदललं तर सगळे म्हणतील, म्हातारा नमला. साहेबांनी दटावलं आणि नमला."

"म्हणू देत."

"तीस वर्षांत एक खाडाखोड नाही गं."

"मग खोडू नका. पुढच्या ओळीत लिहा."

त्यांनी वही मांडीवर घेतली. अक्षर मोठे काढावे लागत होते. ते लिहिताना मोठ्याने वाचत होते, म्हणून मला ऐकू आले. या हिवाळ्याच्या सगळ्या नोंदी बाद धराव्यात. निरीक्षकाची नजर गेली आहे. आज सकाळी हजारी दिसत होती; ते मी बघितलेले नाही, मुलीने सांगितले आहे.

खाली सही केली. मग लेकीचा हात धरून ते उठले. आठाला पाच मिनिटे असताना मचाणाखालच्या खोलीतून फोन लावला, असे पुढे कळले.

त्यानंतर मास्तरांना फार बोलणी बसली. कोनशिलेची तारीख पुढे गेली. जागेचे काम बघणारी इंजिनिअरबाई माळावर आली आणि एवढेच म्हणाली, "मास्तर, वर्ष गेलं." मास्तर म्हणाले, "वर्षच गेलं." काहींनी ठरवूनच टाकले की म्हातारा विकला गेला. बेकरीवाल्याच्या वस्तीला आणखी एक हिवाळा श्वास रोखून काढावा लागला. मास्तरांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन उन्हाळ्यात ठरले होते. त्याआधी आठ दिवस ते झोपेतच गेले. हृदय थांबले. डोळ्यांचा काही संबंध नव्हता.

तिसऱ्या हिवाळ्यात दोन निरीक्षक आले. दोघे वेगवेगळ्या वह्यांत लिहीत आणि येण्याआधी दोघांचे डोळे तपासले होते. शेवटच्या नोंदीनंतर इंजिनिअरबाई मास्तरांच्या लेकीला घेऊन माझ्यापाशी आली.

"सत्तावीस," बाई म्हणाली. "माळ मंजूर झाला."

 लेकीने विचारले, दोन हिवाळे लागणार होते ना?

"पहिला तुमच्या वडिलांचा धरला. बावीस. कोणीतरी म्हणालं, तोही पुन्हा मोजू. समितीतल्या साहेबांनीच नको म्हटलं. म्हणाले, ज्यानं आपली एक वही स्वतःहून बाद केली, त्याची दुसरी कशाला तपासायची?"

लेकीने माझ्या खांबावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

आता माळावर धावपट्टी आहे. मी सामानाच्या कोठारामागे आडवी पडून असते. विमानांचा आवाज येतो, दिसत काही नाही. बेकरीवाला अजून नदीकाठीच पाव भाजतो, असे हमाल बोलतात.

मित्रांनो, एकच मागणे आहे. माळावर वारा मोजायचे यंत्र दर तीन महिन्यांनी तपासायला माणूस यायचा. मला वर्षातून दोनदा रंग लागायचा. बघणारा माणूस मात्र कोणी तपासला नाही. ते त्याचे त्याने सांगावे, असे सगळ्यांना वाटले. सुट्टीत घरी येणाऱ्या लेकीलाही. तुमच्या घरात कोणी रोज तुमच्यासाठी काही बघत असेल, वाचत असेल, सुईत दोरा ओवत असेल, तर जवळ जाऊन विचारा, नीट दिसतं ना? आणि ते हो म्हणाले, तरी थोडे थांबून बघा.