बाबांना हवं ग्राफिक्स कार्ड

शर्मिष्ठा ऑफिसातून मुलुंडला घरी आली, तर तिचा गेमिंग कॉम्प्युटर सुरूच होईना. जळका वास येत होता. वैतागून ती नव्या कॉम्प्युटरच्या पार्ट्सची यादी करायला बसली. गेमच्या नावाने एरवी चिडणारे तिचे निवृत्त बाबा शेजारी येऊन म्हणाले, "ग्राफिक्स कार्ड चांगलं घे गं. जुन्यावर धुक्यातले शत्रू दिसायचेच नाहीत."

"तुम्हाला काय माहीत?"

बाबा गडबडले. "तू ऑफिसला गेलीस की खेळतो थोडा वेळ. आज कॉम्प्युटरचा पंखा फार आवाज करत होता, म्हणून वर चादर टाकली."

"बाबा! वाट लावलीत!"

"चुकलंच. पण चाळिसाव्या लेव्हलला पोचलो होतो."

शर्मिष्ठा दोन महिने बाराव्या लेव्हलवर अडकली होती. तिने खुर्ची जवळ ओढली. "तो तुटका पूल कसा ओलांडलात?"