भेटीच्या वेळी माग बंद

१९७१ साली मी शहरांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत अन्वेषक होतो. अन्वेषक म्हणजे नागपूरच्या उन्हात दारोदार फिरून घरात किती माणसं आहेत ते विचारणारा बी. ए. पास इसम. आमचे संचालक मधुकरराव मात्र वाळ्याच्या ताट्यांआड बसून शहराची गरिबी दूर करत.

महाल भागापलीकडच्या विणकर वस्तीतली दोनशे घरं माझ्या वाट्याला आली. पहिलंच घर नत्थूजींचं. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून ते मागावर लुगडं विणत होते. बायको मैनाबाई कांड्यांवर सूत भरत होती. मला पाहताच त्यांनी हात थांबवला.

"या साहेब, बसा. मांग खडखडत ठेवून पाहुन्याशी बोलनं बरं नाही दिसत."

चहा आला. फॉर्मचा नववा रकाना होता : भेटीच्या वेळी माग चालू की बंद? मी प्रामाणिकपणे 'बंद' लिहिलं. पुढेही घरोघर माझ्यासाठी माग थांबला, चहा झाला आणि मी 'बंद' लिहीत गेलो. मी इतका हुशार, की शंका आली ती थेट शेवटच्या आठवड्यात.

मधुकररावांना सांगितलं. ते म्हणाले, "डोळ्यांनी पाहिलंत तेच लिहिलंत ना? मग मध्ये अक्कल कशाला घालता?"

मला नोकरी हवी होती. अक्कल काढून घेतली.

अहवाल देखणा निघाला. हातमाग शंभर टक्के बंद, धंदा संपलेला. सबब विणकरांना तीनमजली पक्की घरं द्यावीत. घरवाटपाची यादी लागली तसे नत्थूजी ऑफिसात आले.

"साहेब, आमाले तिसरा मजला भेटला. तिथं मांगाचा खड्डा कुठं खोदू? खालचं घर द्या, एवढंच मांगनं हाय."

त्यांच्या अर्जावर मधुकररावांनी शेरा मारला : अहवालानुसार माग चालत नाही, खड्ड्याचा प्रश्न उद्भवत नाही.

तीन वर्षांनी 'समाधान सर्वेक्षण' निघालं. पुन्हा मीच. नत्थूजी कन्हानला खाणीवर मजुरीला गेले होते. मैनाबाईनं चहा ठेवला. मी फॉर्म उघडला आणि सवयीनं खडखडाट थांबायची वाट पाहत बसलो.

"विचारा ना साहेब," ती म्हणाली, "आता थांबवाले काही नाही राहिलं."

पहिलाच रकाना होता : घरात पूर्वीपेक्षा शांतता आहे काय?

मी 'होय' लिहिलं.