पडद्याची लबाडी

मी एक ब्लू-रे प्लेअर. कुणी मला डीव्हीडी प्लेअर म्हटलं तर मी ओ देणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. डीव्हीडीवाला माझा थोरला भाऊ आहे, बिचाऱ्याचा मान मी राखतो. पण त्याला जिथं नुसता घोळका दिसतो, तिथं मला एकेकाचे नाक-डोळे दिसतात. फुशारकी वाटत असेल तर वाटू द्या. माझ्या अंगात आहे म्हणून मी बोलतो.

जन्म मलेशियातल्या एका कारखान्यात. तिथून खोक्यात बसून पुण्याच्या एका इंजिनिअरसाहेबांकडे आलो. पहिले सहा महिने काय कौतुक माझं! पाहुणे आले की मला चालू करायचे. मग घरात मोबाईलवर सिनेमे यायला लागले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. जुन्या गाद्या आणि एक फुटकी बादली यांच्या संगतीत मी चार वर्षं काढली. माणसांचं असंच असतं, नव्याची नवलाई नऊ दिवस. मी रडलो मात्र नाही. आपले दिवस येतील, एवढं मला ठाऊक होतं.

ते आणले जस्टिननं. साहेबांच्याच कंपनीत तो कामाला. त्यानं मला मागून घेतलं, टॉवेलात गुंडाळलं आणि एसटीनं श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात आणून वडिलांच्या पुढ्यात ठेवलं. "पप्पा, हे तुमच्यासाठी."

त्याचे पप्पा म्हणजे शांतवनकाका. श्रीरामपूरच्या एका थिएटरात बत्तीस वर्षं ऑपरेटर. ते थिएटर आता मंगल कार्यालय झालंय, पण काकांचा हात अजून तिथंच आहे. सिनेमा बघताना दर पंधरा-वीस मिनिटांनी ते खुर्चीतून अर्धे उठतात आणि उजवा हात पुढं जातो. रीळ संपत आलं, दुसरी मशीन चालू करायची! मग भानावर येतात आणि इकडंतिकडं बघत खाली बसतात. मी बघितलं नाही असं दाखवतो.

काकांनी मला पहिल्याच दिवशी ओळखलं. हिंदी सिनेमाची डिस्क लावली, नाकावरचा चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "ह्या गड्यात दम आहे." त्या एका वाक्यावर मी माळ्याची चार वर्षं माफ करून टाकली.

तेव्हापासून आम्ही दोघं परीक्षक. दर रविवारी चर्चहून आलं, जेवण झालं की खिडकीला गोधडी बांधायची आणि खोलीत अंधार करायचा. टीव्हीपासून सात पावलं मोजून खुर्ची मांडायची. मांडीवर वही. चित्राला दहापैकी गुण, आवाजाला दहापैकी गुण. काका चित्रात आधी माणसाची कातडी बघतात, मग काळा रंग खरंच काळा आहे की राखाडी ते बघतात, आणि मग दाणा. जुन्या फिल्मवर रव्यासारखा बारीक दाणा असतो. हल्ली कंपन्या तो घाण समजून पुसून काढतात. काका चिडतात. "भाकरीवर डाग नसंल तर ती भाकरी कसली? ते पुठ्ठ्याचं चित्र झालं!"

आवाज तपासताना ते डोळे मिटतात. बाईच्या पायातली चप्पल ऐकू येते का, गाणं सुरू व्हायच्या आधी गायिका श्वास घेते तो येतो का. जुन्या एकाच भोंग्याच्या आवाजाचे ओढूनताणून सहा भोंगे केले असतील तर जागीच दोन गुण कापतात. मध्येच बाहेरून कारखान्याकडं निघालेला उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून जातो. काका मला थांबवतात. "जाऊ दे ह्याची वरात," म्हणतात आणि धूळ बसेपर्यंत वाट बघतात.

हे गुण मग ते मोबाईलवर डिस्क जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकतात. पार मालेगाव-सोलापूरची माणसं त्यात आहेत. शांतवनकाकांनी सात दिले म्हणजे डोळे झाकून डिस्क घ्यायची, अशी ख्याती. थोडी माझीपण, पण माझं नाव कोण टाकतंय!

आता खरी गोष्ट. काकांच्या बायकोचं नाव स्टेला. ती नऊ वर्षांची असताना बेलापूरला प्रवरेच्या घाटावर एका हिंदी सिनेमाचं शूटिंग झालं होतं. गर्दी म्हणून गावातली माणसं उभी केली. त्यात स्टेला होती आणि तिची आई बनुबाई होती. पुढच्या नाताळाच्या आत बनुबाई तापानं गेली. घरात तिचा एकही फोटो नाही. त्या काळी गरिबाच्या बाईचा फोटो कोण काढतंय?

तिचा चेहरा उरला तो फक्त त्या सिनेमात, सातव्या रिळात, चार सेकंद. आमच्या घरात त्याला 'घाटाचा सिनेमा' म्हणतात. लग्नानंतर तो थिएटरात परत लागला, तेव्हा काका स्टेलाला दर रविवारी मशीनच्या खोलीत न्यायचे. सातवं रीळ चढलं की तिला झरोक्यापाशी उभं करायचे. "आता बघ." तीन आठवडे सिनेमा चालला, मग रिळांची पेटी परत गेली. त्यानंतर व्हिडिओ कॅसेट आली, डीव्हीडी आली, पण घाटावर नुसते रंगाचे डाग. आणि स्टेला सत्तरीकडं झुकली. मागच्या वर्षी एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "अहो, मला आता आईचं तोंडच आठवंना." दुसऱ्या दिवसापासून काका घाटाच्या सिनेमाची ब्लू-रे निघते का ते शोधायला लागले.

निघाली! कुरिअरनं पाकीट आलं त्या रविवारी स्टेलानं चर्चची साडी बदललीच नाही. चष्मा तीनदा पुसला. जस्टिन आणि त्याची बायको कृपा लेकराला घेऊन पुण्याहून आले होते. गोधडी बांधली, मी डिस्क पोटात घेतली आणि कुठंही न अडखळता सातव्या रिळापर्यंत आलो. घाट आला. गर्दी आली. उजवीकडून तिसरी बाई.

तोंड होतं, पण त्यावर काही नव्हतं. मळून ठेवलेल्या कणकेला दोन डोळे लावावेत तसं. गाल गुळगुळीत, ओठांची रेघ नाही. काकांनी पाच वेळा मागं नेलं, पाच वेळा तेच.

"ही न्हाई माझी आई," स्टेला म्हणाली आणि उठून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. भांडी मघाशीच घासून झाली होती.

काकांनी आधी माझ्यावर संशय घेतला. माझ्यावर! साफसफाईची डिस्क लावून माझं भिंग पुसलं. पुन्हा तेच चित्र. मग सगळा राग डिस्कवर निघाला. वहीत लिहिलं: चित्र दोन. ग्रुपवर टाकलं: "कंपनीनं दाणा पुसताना माणसं पुसली. कुणी घेऊ नका."

मी आतल्या आत जळत होतो. सेकंदाला चोवीस, म्हणजे चार सेकंदांची शहाण्णव चित्रं. त्या शहाण्णवांतला एकेक ठिपका मी डिस्कवरून उचलून टीव्हीकडं जाणाऱ्या तारेत घातला होता. बनुबाईचा चेहरा माझ्या हातून सहीसलामत गेला होता हो! पुढं टीव्हीच्या पोटात त्याचं काय झालं, ते मला दिसत नाही आणि मला बोलताही येत नाही.

जस्टिन हळूच म्हणाला, "पप्पा, टीव्हीचा काही प्रॉब्लेम असेल का?"

"पडद्याला काय कळतंय?" काका उसळले. "बत्तीस वर्षं मशीन चालवली मी. चूक असती ती रिळाची, दिव्याची, न्हाईतर भिंगाची. पडदा म्हणजे धुतलेलं कापड. कापड कधी खोटं बोलतं का?"

इथंच काकांचं चुकलं. आणि ऑपरेटरच असं चुकू शकतो, दुसरा कुणी नाही. दिवाळीला मोठा नवा टीव्ही आला होता. केबलवाल्या बजरंगनं तो भिंतीवर ठोकला, रंग भडक केले आणि "लई भारी दिसतंय काका!" म्हणून चहा पिऊन गेला. तेव्हापासून लागोपाठ तीन डिस्क नापास झाल्या होत्या. काका म्हणायचे, सगळ्या कंपन्या बिघडल्या. एकदम सगळ्या कशा बिघडतील, हा विचार त्या शहाण्या माणसाला शिवला नाही.

दुपार कलली. घरातला ताण हलका व्हावा म्हणून कृपानं लेकराच्या बाप्तिस्म्याचा व्हिडिओ पेनड्राइव्हवरून टीव्हीला लावला. मी बंद होतो, हे ध्यानात ठेवा. स्टेला पदराला हात पुसत बाहेर आली. पडद्यावर कृपा लेकरू घेऊन उभी होती. स्टेलानं पडद्याकडं बघितलं, मग शेजारी बसलेल्या कृपाकडं बघितलं. परत पडद्याकडं.

"कृपा, तुझ्या गालावरचे वांग कुठं गेले गं?"

"कुठं जातील मम्मी? आहेत की." कृपानं गालावरून हात फिरवला. बाळंतपणापासूनचे तपकिरी डाग जिथल्या तिथं होते. पडद्यावरच्या कृपाच्या गालावर मात्र एक नव्हता.

स्टेला काकांकडं वळली. "अहो, डिस्कनं आईला पुसलं म्हनता. मग ह्या पोरीला कुनी पुसलं? हितं तर तुमची डिस्कबी न्हाई आन् प्लेअरबी न्हाई!"

वा गं माझी बाई! मला हात असते तर टाळी दिली असती.

काकांनी टीव्हीपाशी जाऊन पडद्यावरच्या गालावरून बोट फिरवून बघितलं. बत्तीस वर्षांची खात्री मोडायला वेळ लागतोच. मग त्यांनी बजरंगला फोन लावला. तो आला, डोकं खाजवत म्हणाला, "काका, दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायचं असतं ना, तसंच ठेवलं हुतं. चेहरे कसे क्रीम लावल्यासारखे येत्यात. लोकांना लई आवडतं."

"बंद कर," काका म्हणाले. "सगळं बंद कर. कापड कर त्याचं."

बजरंगनं एकेक करत सगळी हुशारी बंद केली. रंग उतरले, चित्र जरा मवाळ झालं. त्याला ते अजिबात आवडलं नाही. पुन्हा गोधडी बांधली. पुन्हा माझ्या पोटात डिस्क. मी आयुष्यात इतका नीट कधी फिरलो नाही.

घाट आला. गर्दी आली, आणि गर्दीवर रव्यासारखा दाणा थरथरत होता. उजवीकडून तिसरी बाई. सावळी, कपाळावर एक आठी, खालच्या ओठाशी लहानसा व्रण. पदराचं टोक दातात धरलेलं. सगळी गर्दी हिरोकडं बघत होती. ती एकटी खाली बघत होती, उन्हात डोळे बारीक करून उभ्या असलेल्या, दोन वेण्यांच्या एका पोरीकडं.

काकांनी मला थांबवलं.

"माझ्याकडं बघतीया," स्टेला म्हणाली. "अहो, माझ्याकडं बघतीया ती. मला वाटायचं हिरोला बघत हुती."

ती उठून पडद्याजवळ गेली. रडत होती आणि पुसतही नव्हती. तेवढ्यात कृपा म्हणाली, "मम्मी, तुमचा पदर बघा." स्टेलानं खाली बघितलं. तिच्या पदराचं टोक तिच्या दातात होतं. रडू आवरायला ती कायम तसंच करते. मी दोन वर्षं बघतोय. तोंड आठवत नव्हतं म्हणे आईचं!

काकांनी वही उघडली. 'चित्र दोन' खोडलं आणि लिहिलं: चित्र साडेनऊ. खाली आणखी एक ओळ: परीक्षक शून्य. मग ग्रुपवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलून टाकलं, "भावांनो, डिस्क चांगली हाय, मीच चुकलो. आधी आपापला टीव्ही तपासा." आधीच्या त्या तीन नापास डिस्कांची फेरपरीक्षाही झाली. दोन पास झाल्या. तिसरी खरंच वाईट आहे, तिला मीसुद्धा वाचवू शकत नाही.

आता माझं वय झालंय. किरण थोडा मंद झालाय, झाकण उघडताना कुरकुर करतो. माझ्या जातीचे प्लेअर दुकानात फारसे मिळत नाहीत असं जस्टिन म्हणतो. तुमच्या माळ्यावर माझा एखादा भाऊ पडला असेल तर त्याला खाली आणा, धूळ पुसा आणि एक जुना सिनेमा लावून बघा. तो काय दाखवतो ते बघून मग बोला.

माझी चिंता करू नका. दर रविवारी सातव्या रिळाशी मला थांबवतात. जास्त वेळ थांबवलं की पडदा काळा करायचा, अशी मला कारखान्यातली शिकवण आहे. ती वेळ आली की स्टेला माझ्याकडं वळून म्हणते, "थांब की रं जरा," आणि स्वतःच बटण दाबून ते चार सेकंद पुन्हा सुरू करते. मी पुन्हा शहाण्णवच्या शहाण्णव चित्रं तारेत घालतो. त्यातलं एकही आजवर गाळलेलं नाही.