सुतारकाका येईपर्यंत

शाळेला सुट्टी लागून तीनच दिवस झाले होते आणि आज बाबा येणार होते. मोठी सकाळपासून दहा वेळा खिडकीत जाऊन आली होती. ती नऊ वर्षांची, बारकी चारची. बाबा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी. तेरा महिन्यांनी घरी येत होते. जहाज चारला लागणार म्हणून आई बाराच्याच बसने बंदराकडे निघाली. पोरींना तिने आत्याच्या ताब्यात दिलं आणि जाताना बजावलं, "नसते उद्योग करू नका गं!"

आत्या नर्स होती, आज रजेवर. आईची पाठ वळताच ती म्हणाली, "चला, उद्योग करू!"

विकत काही आणायचं नाही, घरात आहे त्यातूनच दार सजवायचं, असं ठरलं. मग काय, घराची झडतीच सुरू झाली. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे निघाले, रद्दी निघाली, बाटल्यांची झाकणं, चॉकलेटची चांदी. आत्याने मैद्याची खळ शिजवली आणि बिटाच्या साली उकळून लालभडक पाणी केलं. मोठीने ट्रेचा एकेक खळगा कापला, त्याला पाकळ्या पाडल्या आणि रंगात बुडवला.

"आत्या, बघ, बघ! फूल झालं!"

आत्या फुलं दोऱ्यात ओवू लागली. टाके घालून घालून हात बसलेला. "हा पेशंट निदान बोंबलत तरी नाही," ती म्हणाली. झाकणांना चांदी गुंडाळायचं काम बारकीकडे होतं. तिने झाकणांपेक्षा स्वतःच्या नाकालाच जास्त लावली.

तीनच्या सुमारास माळ स्वयंपाकघरातून थेट दारापर्यंत पोचली. पण चौकटीवरच्या खिळ्यापर्यंत कुणाचा हात पोचेना. आत्या स्टुलावर चढली, स्टूल डुगडुगलं, तशी ती मुकाट्याने उतरली. मग तिने जिन्यातून, खाली नव्यानेच राहायला आलेल्या सुतारकाकांना हाक मारली.

"शिडी ना? आणतो पाच मिनिटांत!"

तेवढ्या वेळात आत्या आणि मोठी हातावर वाळलेली खळ धुवायला आत गेल्या. दार उघडंच होतं. दारात एक उंच माणूस येऊन उभा राहिला, खांद्यावर भली मोठी बॅग.

"शिडी कुठाय?" बारकीने विचारलं.

माणूस गडबडला. "शिडी? नाही आणली."

"अहो काका, मग कसं करायचं?" बारकीने कपाळावर हात मारला. "बरं, मलाच उचला. पण आधी पाय पुसा."

त्याने पाय पुसले, बॅग ठेवली आणि तिला खांद्यावर घेतलं. बारकीने माळेचं टोक खिळ्याला गुंडाळलं. "हलू नका ना काका! किती हलता!"

माणूस हलत होता खरा. हसू आणि रडू, दोन्ही एकदमच दाबायचं म्हणजे सोपं नव्हे.

आवाज ऐकून मोठी आणि मागोमाग आत्या ओल्या हातांनी बाहेर आल्या. मोठी किंचाळली, "बाबाऽऽ!"

फोनवरच्या बाबांना भरघोस दाढी होती. घरी यायचं म्हणून त्यांनी ती सकाळीच उतरवली होती. जहाज वेळेआधी लागलं, फोन बंद पडला, आणि आईची बस तिकडे जात असताना त्यांची बस इकडे आली होती.

"खाली उतरवा," बारकी हळूच म्हणाली आणि आत्याच्या मागे लपली. इतक्यात खरे सुतारकाका शिडी घेऊन हजर झाले. बारकी एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा या माणसाकडे.

बाबा पुढे सरसावले, पण आत्याने डोळ्यांनीच थांबवलं. मग ते तिथेच पसाऱ्यात बसले आणि कात्री उचलली. आत्याने आईला फोन लावला. "वहिनी, परत फीर! तुझा नवरा इथे रद्दीत बसलाय!" आईचं "काऽऽय?" सगळ्यांना ऐकू गेलं.

बाबांचं पहिलं फूल फाटलं, दुसरंही फाटलं. बारकी इंचाइंचाने पुढे सरकली. तिसऱ्या फुलाला तिला राहवेना.

"असं नाही बाबा! तू नुसतं धर. मी कापते."

बाबांनी धरलं. तिने चांदी चिकटलेलं नाक त्यांच्या दंडाला टेकवलं आणि कात्री चालवली.

दोन तासांनी, नवी फुलं दारावरच्या माळेला चिकटवून होतात न होतात तोच, जिन्यात धाड धाड पावलं वाजली. केस विसकटलेली, घामाघूम आई दारात आली आणि आत झेपावणार, तोच चौघांनी एकदम आरडाओरडा केला,

"थांब, थांब! वाकून ये! खळ अजून ओली आहे!"