सोजराला आणायची होडी

चिमाजीनं लेक दिली ती नदीपलीकडं, हाकेच्या अंतरावर. सोजराबाईच्या लग्नातच, जी माणसं लेकीला लांब देतात त्यांना काळीज नसतं, असं तो भर पंगतीत बोलून बसला होता. मग भाटघरचं धरण पुरं झालं. पहिल्याच पावसाळ्यात वेळवंडीचं पाणी खोरंभर पसरलं आणि हाकेवरची लेक वळसा घालून दिवसभराच्या वाटेवर जाऊन बसली. चंद्राबाई नवऱ्याला एवढंच म्हणाली, की आता मारा हाक.

पौषात पलीकडून निरोप आला, सोजराला दिवस गेले आहेत. पहिलं बाळंतपण माहेरचं. सातव्यात तिला आणायची, पण त्या खडकाळ वाटेनं गाडीत हिंदकळत कशी आणायची? चिमाजीनं ठरवलं, होडी घ्यायची. उभ्या जन्मात तो गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात शिरला नव्हता, पण ठरवायला पाण्यात शिरावं लागत नाही.

वरंधा घाट उतरून तो महाडला गेला आणि एका कोळ्याची मोडकी मासेमारीची होडी भाताच्या पोत्यांच्या बदल्यात घेऊन आला. कोळ्यानं ती इतक्या आनंदानं दिली, की तिथंच शहाण्या माणसाला संशय आला असता. घाट चढून होडी गावात आली तेव्हा बैलांची आणि चिमाजीची जीभ सारखीच बाहेर आली होती. तिच्या तळातून आभाळ दिसत होतं. माशांचा वास मात्र शाबूत होता, त्यामुळे वारकऱ्यांच्या दोन घरांनी चिमाजीकडचं पाणी बंद केलं.

गावचा सुतार सावळाराम. त्यानं हयातभर गाड्या आणि नांगर केलेले. तो होडीभोवती फिरला आणि म्हणाला, चाकं नसलेली गाडीच की ही. कुजक्या फळ्या काढून त्यानं सागाच्या बसवल्या, कडेला गाडीच्या धावेची लोखंडी पट्टी मारली. बसायला गाडीसारखी साटी केली आणि वर बाळंतिणीला ऊन लागू नये म्हणून बांबूचं छत घातलं. बायकांचं मत पडलं, की कणगीसारखी आतून शेणामातीनं लिंपून घ्यावी. चिमाजीनं ते ऐकलं नाही. कोळ्यानं सांगितलं होतं तसं फळ्यांच्या सांध्यात कापसाची वात राळेत बुडवून तो स्वतः ठोकत बसे. बोटं सोलली, तरी बसे. ज्या दिवशी होडीत घागरभर पाणी ओतलं आणि एक थेंब बाहेर आला नाही, त्या दिवशी तो चक्क रडला.

एवढ्यात पाणी मागं सरू लागलं होतं. ते उन्हानं आटतंय, असं गाव म्हणे. सरकार खालच्या उसाला पाणी सोडतंय, असं कुणी सांगितलं तर लोक हसत. ज्यांनी एवढ्या खटपटीनं अडवलं, ते सोडतील कशाला? शिवाय गुरवानं मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा काढला होता आणि मुहूर्ताआधी नवी वस्तू वापरायची कोणाची छाती?

अक्षय्य तृतीयेला होडीला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला आणि चार बैल जुंपून तिला पाण्याकडे ओढलं. पाणी काही येईना. बुडालेली शेतं आली, जुना पार आला, मग चिखल आला आणि होडी त्यात अशी रुतली, की बैलांनी हात टेकले. चिमाजी छताखाली बसून राहिला.

तेवढ्यात समोरून, नदीच्या उघड्या पडलेल्या जुन्या उतारानं, लुगडं घोट्याच्या वर धरून सोजराबाई चालत आली. मागं तिचा दीर गाठोडं घेऊन.

"आबा, हितं कशाला बसलाय?" ती म्हणाली. "घरी चला की."

आषाढात तिला मुलगा झाला. मुलगा रात्रंदिवस रडे आणि चिमाजीला ते रडणं भजनासारखं गोड लागे. पावसानं खोरं पुन्हा भरलं आणि एका सकाळी चिखलातली होडी आपणहून तरंगू लागली. गाव बघायला लोटलं. चिमाजीनं जो भेटेल त्याला सांगितलं, थेंब शिरत नाही.

हे पलीकडं पोचायला कितीसा वेळ लागतोय? भादव्यात जावई भिमा वळशाच्या वाटेनं चिखल तुडवत हजर झाला. आईला नातू बघायचाय, म्हणाला. या वाटेनं तान्हं मूल नेणं जमायचं नाही, म्हणून एरवी दिवाळीपर्यंत थांबलोच असतो. पण मामांची होडी आहे, मग अडचण कसली? उद्याच निघू. चंद्राबाईनं लेकीचं गाठोडं बांधलं.

सकाळी फटफटताच चिमाजी काठावर गेला आणि होडीत उतरून खुरप्यानं सांध्यातली वात उकरू लागला. राळ चांगली धरली होती. आपल्याच हातच्या चोख कामाला शिव्या घालत त्यानं एक अख्खा सांधा मोकळा केला. मान वर केली तर कडेवर घागर घेऊन चंद्राबाई उभी. इतके महिने या बाईनं होडीला एक बरा शब्द दिला नव्हता. आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून त्यानं खाली बघितलं.

चंद्राबाईनं घागर ठेवली, लुगडं खोचलं आणि होडीत उतरली.

"अवं, एकाच अंगाचं काढून भागतंय व्हय? तेवढं त्यो सुतार दुपारपातूर बुजवील," ती म्हणाली आणि अंबाड्यातला आकडा काढून दुसऱ्या बाजूच्या सांध्याला बसली.