गाडी थंड करणारे बाबा

"बोलो शीतलनाथ बाबा की!"

"जय!"

आणि खरंच, मघापासून मेल्यासारखी उभी असलेली ती मोटारसायकल पहिल्या किकला धडधडायला लागली. गर्दीने टाळ्या पिटल्या. एका बाईने तर हँडललाच कुंकू लावलं. लखनऊच्या महानगर नावाच्या वस्तीत, चौकातल्या कडुनिंबाखाली, त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात हा तमाशा रोज चालायचा. मी भौतिकशास्त्राची शिक्षिका. शाळेतून घरी जाताना रोज बघायचे आणि रोज माझं डोकं उठायचं.

जेठ महिन्यातला मंगळवार म्हणजे लखनऊचा 'बडा मंगल'. हनुमानाच्या नावाने रस्तोरस्ती मंडप लागतात, येणाऱ्याजाणाऱ्याला पुरी-सब्जी आणि गार सरबत मिळतं. फार गोड चाल आहे, मला मनापासून आवडते. पण द्रोण घ्यायला जो तो मध्येच थांबतो आणि मागे गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. वरून लू, उन्हाळ्यातला तो भाजणारा वारा. अशात मोटारसायकली तापून बंद पडायच्या, आणि बंद पडली की लोक ती ढकलत बाबांकडे न्यायचे.

बाबांची बडबड तर काय वर्णावी! "बेटा, मशीन में भी जीव है. तेरा पाप टंकी में गया, टंकी से इंजन में. देख, अब भाप बनकर निकलेगा!" मग ओल्या भस्माने लडबडलेला पंजा क्षणभर इंजिनावर टेकवायचे. चर्र! वाफ! "निकला, निकला!" शेवटी सिलिंडरभोवती जाड लाल कापडाचा चोला तारेने आवळायचा, सवा महिना सोडायचा नाही. आणि गाडी पुन्हा तापली तर? "श्रद्धा कम है बेटा. एक चोला और चढ़ा."

माझा धाकटा भाऊ रणजित बँकेत होता, साताऱ्याहून बदली होऊन आलेला. त्याच्या गाडीवर दोन चोले चढले होते. मी हसून सोडून दिलं असतं. पण एका सोमवारी त्याच्या घरी गेले तर त्याची बायको लतिका पलंगावर बसलेली. आठवा महिना, पाय सुजून टम्म, चेहराही सुजलेला.

"बीपीची गोळी घेतलीस का गं?"

ती रणजितकडे बघायला लागली.

"बंद केली," तो म्हणाला. "बाबा म्हणाले, गोळ्या गरम पडतात. पोटाला बांधायला चोला दिलाय त्यांनी."

"अरे, वेड लागलंय का तुला?"

"ताई, ओरडू नकोस यार. हात लावला तर भाजेल अशी गाडी त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत थंड केली. जे गाडी थंड करतात, ते हिचं बीपी नाही का उतरवणार? तूच सांग."

मी गोळी काढून लतिकापुढे धरली. तिने मान हलवली. "नको ताई. मी घेतली आणि बाळाला काही झालं, तर सगळे मलाच बोल लावतील."

आता काय बोलणार, कप्पाळ! बिचारीचंही चुकत नव्हतं. रणजितच्या डोक्यात गाडी आणि बायको एकाच दोरीने बांधली गेली होती. गाडीचा चमत्कार खोटा ठरला तरच गोळी तिच्या पोटात जाणार होती. "उद्या निदान तपासायला तरी ने," मी हातापाया पडले. "नेतो की, रजाच आहे. जाताना दर्शन घेऊ," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कडुनिंबासमोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिले. बडा मंगल, त्यामुळे गर्दीला ऊत आलेला. आजवर मी चिडून बघत होते, आज नीट बघायला लागले. ढकलत आणलेली कुठलीही गाडी लगेच बाबांच्या हाती जात नव्हती. 'नियम' होता. आधी इंजिन बंद करून सावलीत रांग लावायची. पुढे सरकत सरकत गाडी बाबांच्या उजव्या अंगाला, ठरलेल्या जागी उभी करायची. आणि त्या जागेवर मागून भलामोठा वाळ्याचा कूलर भणाणत होता. गंमत म्हणजे त्याचं तोंड बाबांकडे नव्हतं. बाबा घामाने निथळत होते आणि गार वारा खात होती गाडी!

अस्सं होय, म्हटलं मनात.

तेवढ्यात रणजित दिसला. बंद पडलेली गाडी ढकलत येत होता, आणि मागून लतिका कपाळ दाबत चालत होती. भर उन्हात, आठव्या महिन्यात.

"ताई, डोकं फुटतंय हो," ती म्हणाली. "डोळ्यांसमोर काजवे चमकतायत."

"रणजित, रिक्षा कर. आत्ताच्या आत्ता दवाखाना!"

"दोन मिनिटं थांब ना. बाबांचा हात लागू दे, गाडीनेच नेतो."

हिला ओढून रिक्षात घातलं असतं, तर संध्याकाळी त्याने गोळ्या पुन्हा फेकून दिल्या असत्या. मी लतिकाला कट्ट्यावर बसवलं, जाणारी एक रिक्षा हात करून थांबवून ठेवली आणि गर्दीत घुसले. कूलरसमोर डालीगंजच्या राजाराम दूधवाल्याची मोटारसायकल उभी होती, त्याचा नंबर लागायचाच होता.

"भैया, बाबा के छूने से पहले एक किक मारिए."

"कैसे चलेगी बहनजी? अभी तो हाथ भी नहीं लगा."

"नहीं चलेगी तो मैं यहीं माफ़ी माँगूँगी."

"मार दे राजाराम," गर्दीतून आवाज आला, "मास्टरनी का घमंड उतर जाए!"

राजारामने मिशीत हसत, मला धडा शिकवायच्या आवेशात किक मारली. धड धड धड धड. गाडी सुरू! राजारामचं हसू ओठांवरच राहिलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

बाबा मुरलेले होते. "मेरी दृष्टि पड़ चुकी थी," ते म्हणाले.

"अच्छा? तो इस पर भी डालिए," मी रणजितची गाडी बाबांच्या डाव्या अंगाला, वाऱ्याबाहेर ओढली. "हाथ भी लगाइए. अभी."

"लाइन से आओ बहनजी, नियम है."

"बहू पेट से है बाबा, उसकी तबीयत ख़राब है."

झालं! लखनऊची माणसं मनाची हळवी. तेच भक्त ओरडायला लागले, "बाबा, पेट से है बेचारी, पहले इनका कर दीजिए!" आता बाबांना पळायला वाट उरली नाही. ओला पंजा टेकला. चर्र झालं, वाफ निघाली, पाप बाहेर पडलं. रणजितने किक मारली. पुन्हा मारली. मारून मारून त्याचा शर्ट पाठीला चिकटला, गाडी ढिम्म.

बाबांनी लतिकाकडे बोट रोखलं. "इस औरत के मन में खोट है. चोरी से गोली खाती होगी!"

सगळी गर्दी तिच्याकडे वळली. लतिका उठून उभी राहिली. "एक भी नहीं खाई," ती रडत म्हणाली. "तुम्हारे कहने पर एक भी नहीं खाई." आणि मटकन खाली बसली.

रणजितने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग बाबांच्या बोटाकडे. पुढच्या क्षणी तो गाडीवर तुटून पडला. उघड्या हातांनी तार ओरबाडली, दोन्ही चोले फाडून काढले. बोटं भाजली, तरी थांबला नाही. मग त्याने लतिकाला उचललं आणि रिक्षात बसवलं.

रिक्षात चढता चढता मी लोकांना ओरडूनच सांगितलं. या इंजिनांना थंड करायला पाणी नसतं, फक्त वारा असतो. सिलिंडरभोवती एकावर एक कडा दिसतात ना, त्यांतून वारा खेळला की उष्णता निघून जाते. गर्दीत गाडी रांगते, वारा मिळत नाही, म्हणून ती तापते. बंद करून सावलीत ठेवा, आपोआप निवते. कूलरसमोर ठेवा, आणखी लवकर. वाफ पापाची नाही, ओल्या भस्माची आहे, ओलं फडकं टेकवा, तीच निघेल. आणि हा चोला? मे महिन्यात माणसाला रजई गुंडाळावी तसा हा त्या कडा बुजवतो! गाडी जास्त तापते, तुम्ही पुन्हा इथे येता. असंच तापत राहिलं तर चालत्या गाडीचा पिस्टन जाम होईल, मागचं चाक धरेल आणि मागे बसलेलं माणूस रस्त्यावर पडेल.

दवाखान्यात पोचलो तेव्हा लतिकाचं बीपी इतकं चढलं होतं की डॉक्टरीणबाईंनी तपासता तपासताच ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं. "झटके आते तो दोनों चले जाते," एवढंच त्या रणजितला म्हणाल्या. तो भाजलेले हात मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिला.

मुलगी झाली, अशक्त, वेळेआधीची. पण टिकली, आणि लतिकाही सावरली. शेजारच्या बायका बघायला आल्या. बाबा एव्हाना कूलर उचलून आलमबागेकडे गेले होते, तिथे स्कूटरींची पापं काढत होते म्हणे. तरी एक बाई पाळण्यावरून हात ओवाळून कानशिलांवर बोटं मोडत म्हणालीच, "शीतलनाथ बाबा की कृपा से बच गई."

मी तोंड उघडणार, तोच रणजित बोलला. "नहीं भाभी. डॉक्टर ने बचाया. बाबा की सुनकर मैं तो इसको मार ही रहा था."

मग तो लतिकाकडे बघून रडला, सगळ्यांसमोर.

माझा भाऊ मूर्ख नाही, शिकलेला आहे. त्याने गाडी सुरू होताना डोळ्यांनी पाहिली होती, फक्त ती कशाने सुरू झाली हे विचारलं नव्हतं. माझं एवढंच मागणं आहे. चमत्कार दिसला तर नमस्काराआधी एक गोष्ट करा. बाबाचा हात बाजूला ठेवून तेच पुन्हा करून बघा. हाताशिवाय घडलं तर तो चमत्कार नव्हे. आणि त्याच्या भरवशावर घरातल्या माणसाचं औषध बंद करू नका.